फेब्रुवारीतली दिवाळी

एका शहराला तीन देशांत तीन नावं! जर्मन माणूस त्याला आखेन म्हणतो, डच माणूस आकेन आणि फ्रेंच बोलणारा बेल्जियन चक्क एक्स-ला-शापेल. जर्मनीच्या पार पश्चिम टोकाला, नेदरलँड्स आणि बेल्जियमला खेटून हे शहर बसलंय. इथून सिटी बस पकडायची, फाल्स नावाच्या डच गावात उतरायचं आणि टेकडी चढायची. वर तीन देशांच्या सीमा जिथे मिळतात तो दगड आहे. त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली की झाली तीन देशांची सफर, खर्च फक्त बसच्या तिकिटाचा. टेकडीची उंची 322 मीटर, आणि युरोपातल्या नेदरलँड्समधला हा सगळ्यात उंच भाग! पुणेकरांनी हसू नये. आपलं अख्खं पुणंच समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे, याचं श्रेय आपलं नाही.

2017 ते 2019 मी आखेनमध्ये शिकत होतो. शहर झक्कास. सम्राट शार्लमेनचं कॅथीड्रल आहे, ते 1978 साली युनेस्कोच्या पहिल्यावहिल्या 12 वारसास्थळांच्या यादीत आलं. गरम गंधकाच्या पाण्याचे झरे आहेत, त्यांचा वास मात्र कुजक्या अंड्यासारखा. 1870 पासूनचं तंत्रविद्यापीठ आहे, चॉकलेटचा कारखाना आहे, पोंटश्ट्रासे नावाची रात्रभर जागी असणारी गल्ली आहे. सगळं आहे. नाही ते फक्त एक… विमानतळ.

म्हणजे नावाला एक आहे. 'मास्त्रिख्त-आखेन विमानतळ' असं त्याचं भारदस्त नाव. पण तो आहे नेदरलँड्समध्ये, आणि तिथे मुख्यतः मालवाहू विमानं आणि सुट्टीवर जाणाऱ्यांची थोडी विमानं उतरतात. मुंबईला जाणाऱ्या पोराला त्याचा उपयोग शून्य.

आणि म्हणूनच सांगतो, परदेशात शिकताना घरी यायचं स्वस्त तिकीट कसं शोधावं, याची शिकवणी आखेनइतकी चांगली दुसरीकडे मिळणार नाही. विमानतळ गावात असला की माणूस फक्त भाड्याचा आकडा बघतो. विमानतळ गावात नसला की अख्खा रस्ता बघायला लागतो.

पाच विमानतळ, तीन देश

आखेनला राहणारा विद्यार्थी तिकीट शोधायला बसला की त्याच्यासमोर पाच विमानतळ असतात. ड्युसेलडॉर्फ आणि कोलोन-बॉन हे दोन जवळचे. फ्रँकफर्ट लांब, पण तिथून विमानं ढिगाने. सीमेपलीकडे ब्रसेल्स. आणि हातात वेळ असेल तर ॲमस्टरडॅम. युरोपातल्या शेंगेन व्यवस्थेत तुमच्याकडे जर्मनीचा वैध रहिवासी परवाना असेल, तर ब्रसेल्सहून उडायला वेगळा व्हिसा लागत नाही. हा आमच्यासाठी मोठाच खजिना होता.

आता गंमत बघा. त्याच तारखेला, त्याच मुंबईला, त्याच कंपनीचं भाडं या पाच ठिकाणांहून पाच वेगळं! का? एक कारण स्पर्धा. ज्या मार्गावर चार कंपन्या भांडतात तिथे भाडं उतरतं. दुसरं कारण कर. जर्मनीतून उडणाऱ्या प्रवाशाच्या तिकिटावर सरकारचा हवाई वाहतूक कर असतो, अंतर जितकं लांब तितका जास्त. 2024 च्या मे महिन्यात तो आणखी वाढवला गेला. आमच्या वेळी बेल्जियममध्ये असा कर नव्हताच, 2022 मध्ये आला तोही जर्मनीपेक्षा बराच कमी. प्रवासी तोच, सीमा ओलांडली की पावती वेगळी.

पण थांबा. ब्रसेल्सचं तिकीट 60 युरो स्वस्त म्हणून उड्या मारायच्या आधी तिथवर जायचा खर्च मांडायचा. ड्युसेलडॉर्फ आणि कोलोन-बॉन आमच्याच राज्यात होते, आणि आमच्या सेमिस्टर तिकिटावर राज्यभरातल्या साध्या गाड्या फुकट होत्या. (2024 पासून बऱ्याच जर्मन विद्यापीठांत हे सेमिस्टर तिकीट देशभरातल्या साध्या गाड्यांना चालतं. म्हणजे वेळ काढला तर फ्रँकफर्टसुद्धा जादा पैसे न देता!) ब्रसेल्सला मात्र सुसाट गाडी घेतली तर वाचलेल्या पैशांतले निम्मे तिथेच उडायचे. मग आम्ही सीमा ओलांडून वेल्कनराट नावाच्या छोट्या बेल्जियन स्टेशनवर जायचो, तिथून साध्या गाडीने लिएज करत लुव्हेनला, आणि लुव्हेनला गाडी बदलून विमानतळ. बेल्जियममध्ये तेव्हा 26 वर्षांखालच्यांना देशात कुठूनही कुठेही एकाच ठरलेल्या भाड्यात जाता यायचं. फक्त विमानतळाच्या स्टेशनसाठी वेगळा अधिभार, त्याचं नाव 'डायबोलो'. नावाप्रमाणेच वागतो तो.

नाव मोठं, लक्षण खोटं

स्वस्त तिकिटांच्या यादीत विमानतळाचं नाव नीट वाचायचं, हा पहिला धडा. 'फ्रँकफर्ट-हान' असं दिसलं आणि भाडं निम्मं दिसलं तर हुरळून जाऊ नका. हान हे फ्रँकफर्टपासून साधारण 120 किलोमीटरवर आहे. म्हणजे पुण्याहून निघून साताऱ्यात पोचलात आणि पाटीवर लिहिलंय पुणे. 'ब्रसेल्स साउथ शार्लेरोआ' हा असाच एक नग, ब्रसेल्सपासून पन्नासेक किलोमीटरवर. म्युनिकच्या नावाने खपवला गेलेला मेमिंगेन तर शंभरावर. अर्धवट उजेडात उतरायचं, दोन बॅगा ओढत बस शोधायची, आणि बसचं भाडं मोजून झालं की कळतं की स्वस्ताई कुठेतरी वाटेतच गळून पडली.

दुसरा धडा 'सेल्फ ट्रान्सफर' या दोन शब्दांचा. तिकीट शोधणाऱ्या साइट्स कधीकधी दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं एकत्र शिवून दाखवतात. भाडं दिसतं मस्त. पण मधल्या विमानतळावर तुम्हालाच बॅग घ्यायची, इमिग्रेशनमधून बाहेर पडायचं, पुन्हा चेक-इन करायचं. त्या देशाचा व्हिसा नसेल तर तुम्ही बाहेरच पडू शकत नाही. आणि पहिलं विमान उशिरा आलं, दुसरं गेलं, तर दुसऱ्या कंपनीचा तुमच्याशी काही संबंध नाही. एकाच तिकिटावर सगळा प्रवास असेल तर पुढचं विमान मिळवून देणं ही त्यांची जबाबदारी. दोन तिकिटं असतील तर ती जबाबदारी तुमची.

साठ तासांचं तिकीट

2018 साली जर्मनीत किमान वेतन तासाला 8 युरो 84 सेंट होतं. मी विद्यापीठात 'हिवी' म्हणून काम करायचो. हिवी म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखालचा विद्यार्थी मदतनीस. पगार याच्याच आसपास. त्यामुळे तिकीट युरोत मोजायची सवय कधीच सुटली होती, आम्ही ते तासांत मोजायचो. 530 युरोचं तिकीट म्हणजे 60 तास. साठ तास प्रयोगशाळेत उपकरणं पुसायची, आकडे भरायचे, मग सांगली दिसणार. 50 युरो वाचले की जवळजवळ सहा तास वाचले. हा हिशेब डोक्यात असला की माणूस रात्री दोन वाजता पण भाड्याचा आलेख बघत बसतो.

आज आकडे बदललेत. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा मिळवताना बंद खात्यात ठेवायची रक्कम 2018 मध्ये महिन्याला 720 युरो होती, 2024 च्या सप्टेंबरपासून ती 992 युरो झाली. वर्षाचे 11,904. 2023-24 च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे 49,500 भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांमधला सर्वात मोठा गट. म्हणजे घरी यायच्या तिकिटासाठी रात्री जागणारी किती डोकी असतील, विचार करा!

आता हे भाडं सारखं खाली-वर का होतं? विमानातली इकॉनॉमीची सीट एकच दिसते, पण कंपनीच्या लेखी ती डझनभर कप्प्यांत वाटलेली असते. प्रत्येक कप्प्याला एक इंग्रजी अक्षर, प्रत्येकाचं भाडं वेगळं, नियम वेगळे. सगळ्यात स्वस्त कप्प्यात मोजक्याच सीट. त्या संपल्या की वरचा कप्पा उघडतो. हा खेळ रंगला अमेरिकेत. 1978 मध्ये तिथे विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं, 1981 मध्ये पीपल एक्स्प्रेस नावाची अत्यंत स्वस्त कंपनी आली आणि जुन्या कंपन्यांच्या पोटात गोळा आला. 1985 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने उत्तर काढलं. काही सीट पीपल एक्स्प्रेसच्या तोडीच्या स्वस्तात द्यायच्या, पण आधी बुकिंग करणाऱ्यालाच, आणि बाकीच्या सीट ऐनवेळी येणाऱ्या धंदेवाल्यांसाठी महाग ठेवायच्या. कुठल्या दिवशी किती सीट स्वस्त ठेवायच्या ते कॉम्प्युटर ठरवणार. दोन वर्षांत पीपल एक्स्प्रेसचा खेळ खलास! तेव्हापासून सगळं जग याच गणितावर उडतंय.

यातून विद्यार्थ्याने घ्यायचा फंडा असा. चौघं मित्र एकत्र जाताय? तरी आधी एकट्याचं भाडं बघा. स्वस्त कप्प्यात तीनच सीट उरल्या असतील आणि तुम्ही चार मागितल्या, तर चौघांनाही बहुधा वरच्या कप्प्याचं भाडं दाखवलं जातं. तीन एकदा काढा, चौथं वेगळं. मंगळवारी मध्यरात्री तिकीट स्वस्त होतं, ब्राउझरची गुप्त खिडकी उघडली की भाडं उतरतं, या गोष्टी आमच्या वसतिगृहात दर सेमिस्टरला नव्याने जन्मायच्या. आम्ही करून पाहिलं. फरक पडला तो तारखेने. गूगल फ्लाइट्स किंवा स्कायस्कॅनरवर अख्ख्या महिन्याचं कॅलेंडर उघडा, दोन दिवस पुढे-मागे सरका. 2011 पासून गूगलचं आणि 2003 पासून स्कायस्कॅनरचं हे दुकान चालू आहे, पण तिथे शोधायचं आणि शक्यतो तिकीट कंपनीच्याच साइटवर काढायचं. उद्या तारीख बदलायची वेळ आली की मधला दलाल आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि मध्ये तुम्ही.

घरची दिवाळी कधी?

तर तारीख. जर्मनीत हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतात. आपली दिवाळी नेमकी यात सापडते. 2017 ची दिवाळी, 19 ऑक्टोबर, मला नुकतीच विद्यापीठाची इमारत सापडायला लागली होती. 2018 ची दिवाळी, 7 नोव्हेंबर, दुसऱ्या दिवशी प्रेझेंटेशन. डिसेंबरात नाताळची दोन आठवड्यांची सुट्टी मिळते, पण तेव्हा सगळं युरोप आणि सगळे अनिवासी भारतीय एकाच वेळी उडतात. तिकीट दीडपट, दुप्पट. जुलै-ऑगस्टमध्येही तेच.

मग स्वस्त कधी? परीक्षा संपल्यावर. फेब्रुवारीचा शेवट ते मार्च. नाताळ होऊन गेलेला, ईस्टर अजून लांब, युरोपातली माणसं थंडीला कंटाळलेली पण खिसे रिकामे. विमानं अर्धवट रिकामी जातात. माझी घरी यायची दोन्ही तिकिटं याच दिवसांतली.

आणि म्हणून आमच्या घरी दोन वर्षं दिवाळी फेब्रुवारीत झाली. आईने ऑक्टोबरात फराळ केला तो शेजारीपाजारी वाटण्यापुरता. खरा घाणा पडला तो मी यायच्या आठवड्यात. सांगलीत तेव्हा थंडी ओसरायला लागलेली असते, दुपारी पंखा लागतो, आंब्याला मोहोर आलेला असतो, आणि आमच्या दारात आकाशकंदील! शेजारच्या काकूंनी पहिल्या वर्षी विचारलं, "कुणाचं लग्न ठरलं का गं?" दुसऱ्या वर्षी विचारलं नाही, सरळ चकल्या करू लागायला आल्या. बहिणीने ओवाळलं. तिथी नव्हती, भाऊ होता.

परदेशात शिकणाऱ्या मुलाचं घर कॅलेंडरवर चालत नाही, भाड्याच्या आलेखावर चालतं. आधी वाईट वाटतं. मग सवय होते. मग आईच फोनवर विचारते, "अरे, या वर्षी स्वस्त कधी आहे?"

बार्शीचा फोन

पण सगळी कारणं काही फेब्रुवारीची वाट पाहत नाहीत.

2018 चा नोव्हेंबर. भाऊबीज होऊन चार-पाच दिवस झालेले. मंगळवारी रात्री आठच्या सुमारास आम्ही पाच जण वसतिगृहाच्या सामाईक किचनमध्ये खिचडी टाकून बसलो होतो. माझ्या रूममेटला घरून फोन आला. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, म्हणजे फोन चांगला नसणार हे तो उचलायच्या आधीच कळलं. तो बार्शीचा. वडिलांना हार्ट अटॅक, सोलापूरच्या हॉस्पिटलात हलवलेलं, गुरुवारी सकाळी ऑपरेशन. ताई एवढंच म्हणाली, "जमलं तर ये."

गॅस बंद केला. चार लॅपटॉप उघडले. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण प्रत्येकाने एक विमानतळ घेतला. पंधरा मिनिटांत टेबलावर चार पर्याय होते.

पहिला, कोलोनहून. 410 युरो, सगळ्यात स्वस्त. पण दोन वेगळी तिकिटं शिवलेली, मध्ये दोन तास दहा मिनिटं, मुंबईत गुरुवारी दुपारी. दुसरा, ड्युसेलडॉर्फहून आखातातून हैदराबाद, 560 युरो. हैदराबादहून सोलापूर मुंबईपेक्षा जवळ, ही कल्पना भारी होती, पण पोचायला गुरुवारची दुपारच. तिसरा, फ्रँकफर्टहून थेट, 840 युरो. चौथा, ब्रसेल्सहून मुंबईला थेट, बुधवारी सकाळी निघून बुधवारीच रात्री उशिरा मुंबई. 590 युरो. परतीची तारीख एकदा फुकट बदलता येणार.

मुंबईत रात्री उतरून लगेच गाडी केली तर सकाळी आठपर्यंत सोलापूर. बाकी कशाने ऑपरेशनच्या आधी पोचणं शक्य नव्हतं.

तो 410 च्या आकड्याकडे बघत बसला होता. 180 युरोचा फरक. आमच्या हिशेबात 20 तास. त्याच्या खात्यात त्या आठवड्यात तेवढे नव्हते. मग चौघांनी 45-45 युरो काढले, कुणी काही बोललं नाही, आणि ब्रसेल्सचं तिकीट निघालं. पहाटे त्याला स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा कडाक्याची थंडी होती आणि त्याच्याकडे फक्त एक सॅक होती. एवढ्या कमी सामानात घरी जाताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही.

गुरुवारी सकाळी तो वडिलांच्या पलंगाशेजारी होता. ऑपरेशनला नेईपर्यंत दोन तास मिळाले. ते काय बोलले ते त्याने कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. परतीची तारीख त्याने दोनदा पुढे ढकलली, पहिल्यांदा फुकट, दुसऱ्यांदा थोडे पैसे भरून. वडील बरे झाले. आज ते पुन्हा बार्शीत दुकानात बसतात.

त्या रात्रीनंतर मी तिकिटाला प्रश्न विचारायचा क्रम बदलला. पहिला प्रश्न, दारापासून दारापर्यंत केव्हा पोचवणार? दुसरा, तारीख बदलायची झाली तर काय? तिसरा, बॅग किती? आणि मग, सगळ्यात शेवटी, किती पैसे? हे चार प्रश्न या क्रमाने विचारले की यादीतलं सगळ्यात वरचं तिकीट बहुतेक वेळा खाली जातं.

जाता जाता सांगायला हवं, की ते ब्रसेल्स-मुंबई थेट विमान आता नाही. ब्रसेल्स एअरलाइन्सने ते 2017 च्या मार्चमध्ये सुरू केलं आणि 2019 च्या जानेवारीत बंद केलं. ॲमस्टरडॅमहून मुंबईला आणणारी जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 ला थांबली. दिल्लीहून आइसलँडमार्गे 13,499 रुपयांपासून तिकिटं विकणारी वाव एअर डिसेंबर 2018 मध्ये भारतात आली आणि मार्च 2019 मध्ये कंपनीच बुडाली. 23 जून 2025 च्या संध्याकाळी कतारने आपली हवाईहद्द काही तास बंद केली आणि दोहाकडे निघालेली विमानं भलतीकडेच उतरली. गेल्या वर्षी सिनियरने सांगितलेला मार्ग या वर्षी असेलच असं नाही. दर वेळी पाटी कोरी समजायची आणि पाचही विमानतळ नव्याने बघायचे.

आपल्याकडचं टोक

आखेनचा धडा इकडेही लागू पडतो बरं का. आपण 'मुंबई' टाइप करतो आणि मोकळे होतो. पण तुमचं घर मुंबईत आहे का? सांगलीकराला मुंबईला उतरून महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची असते, ती रात्रीची. विमान पहाटे उतरलं तर दिवसभर करायचं काय? सावंतवाडी-कुडाळवाल्यांनी गोव्याच्या मोपा विमानतळाचं भाडं बघावं, जानेवारी 2023 पासून तो सुरू आहे. लातूर, नांदेड, सोलापूरवाल्यांनी हैदराबाद टाकून पाहावं, तिथून फ्रँकफर्टचं थेट विमान 2024 च्या जानेवारीत सुरू झालं. पुणेकरांनी दुबईमार्गे येणारं तिकीट लोहगावपर्यंतचं मिळतंय का ते तपासावं, एक्स्प्रेसवेवरची टॅक्सी आणि घाटातला ट्रॅफिक दोन्ही वाचतील. दोन टोकांना तीन-तीन विमानतळ धरले तर नऊ जोड्या होतात. अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात माझ्या मावसबहिणीचे यंदा सात हजार रुपये वाचले. ती ड्रेस्डेनला शिकतेय, आणि घरातलं 'तिकीट खातं' अजून माझ्याकडेच आहे.

बॅगेचं गणित वेगळं मांडा. विद्यार्थ्यांसाठी बऱ्याच कंपन्यांचं खास भाडं असतं, त्यात जादा 10 किलो किंवा एक जादा बॅग मिळते, कधी तारीखही फुकट बदलून मिळते. कतार एअरवेजने तर त्यासाठी 'स्टुडंट क्लब'च काढलाय. विद्यापीठाचं पत्र किंवा ओळखपत्र जवळ ठेवा, काउंटरवर मागतात. भाडं थोडं जास्त दिसलं तरी जादा बॅगेचे पैसे धरून तुलना करा, चित्र पालटतं.

आणि आईला आधीच सांगा, की साजूक तूप, पेढे, खव्याच्या करंज्या बॅगेत नकोत. युरोपीय संघात बाहेरून दुधामांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर आपल्याकडच्या विमानतळावरच काढून ठेवतात, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट चालतं. ते वजनाला हलकं आणि कामाला भारी.

तिकीट काढायच्या आधी…

• जाता-येताचं तिकीट असेल तर पहिला टप्पा चुकवू नका. पहिल्या विमानाला गैरहजर राहिलात की सहसा पुढचं सगळं तिकीट आपोआप रद्द होतं.

• मधला थांबा कुठल्या देशात आहे ते बघा आणि भारतीय पासपोर्टला तिथे ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर तपासा. हे नियम बदलतात, मित्राचा शब्द प्रमाण मानू नका.

• थांबा दोन तासांपेक्षा कमी नको, आठपेक्षा जास्त नको. रात्रभर थांबा असेल तर कंपनी हॉटेल देते का ते विचारा.

• युरोपातून निघणारं विमान रखडलं तर 2004 चा युरोपीय नियम क्रमांक 261 लक्षात ठेवा. 3,500 किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासात कंपनीच्या चुकीने खूप उशीर झाला तर 600 युरोपर्यंत भरपाई मागता येते. युरोपातून निघताना हा हक्क कुठल्याही कंपनीवर चालतो, भारतातून निघताना मात्र फक्त युरोपीय कंपनीवर. तिकीट निवडताना याचीही किंमत धरा.

• थोडे पैसे वेगळे ठेवा. स्वस्त तिकिटासाठी नाही, महाग तिकिटासाठी. आमच्या किचनमध्ये त्या नोव्हेंबरनंतर एक डबा आला. दर महिन्याला प्रत्येकी 5 युरो. मी आखेन सोडलं तेव्हा तो डबा पुढच्या बॅचला देऊन आलो.

आणि हो, तिकीट पक्कं झालं की पहिला फोन आईला करा. भाजणी भाजायची, दळून आणायची, त्याला वेळ लागतो.